बहीण काही बसेना

सहा महिने दोघी एकमेकींच्या कानात होत्या, पण तोंडओळख म्हणून नव्हती. डबिंगचं असंच असतं. ज्याने त्याने एकटं यायचं, हेडफोन लावायचा, समोरच्याचा आधी भरलेला आवाज ऐकत आपली वाक्यं बोलायची आणि घर गाठायचं. परक्या भाषेतल्या एका मालिकेतल्या डॉक्टरला दोघींतली ही आवाज द्यायची, म्हणून स्टुडिओत हिचं नावच डॉक्टर पडलं. फुलवालीचा आवाज देणारी ती फुलवाली. शेवटच्या भागाची घाई झाली, म्हणून त्या दिवशी दोघींना एकाच माईकसमोर उभं केलं.

"तुम्ही डॉक्टर? अगंबाई! आवाजावरून वाटलं, चांगल्या सहा फूट असाल."

"निराशा झाली?"

"छे... मान अवघडायची वाचली."

डॉक्टरला हसू आवरेना. तेवढ्यात पडदा उजळला.

बारा वर्षांत हिने बाईवर जीव जडलेल्या चार बायकांना आवाज दिला होता. दोघी मेल्या, एक वेडी झाली, एक तर चक्क खुनी निघाली. पडद्यावरची डॉक्टर पहिलीच, जी धडधाकट उभी होती आणि फुलवालीला प्रेमाची कबुली देणार होती! असंही दाखवतात? हिने स्वतः तर आजवर कुणाला... आईलासुद्धा...

पण कागदावर कबुली खोडून वर लिहिलं होतं : 'तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस.'

"चॅनेलचा हुकूम," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले मामा म्हणाले. "घ्या."

घेतलं. पडद्यावरचं तोंड मिटलं, तरी अर्धी बहीण शिल्लकच. भरभर बोलून पाहिलं, तर बातम्या वाटल्या. सातव्यांदाही तेच.

"बहीण काही बसेना हो मामा," फुलवाली म्हणाली. "आणि बहिणीकडे असं बघतं का कुणी?"

तिची नजर पडद्यावर नव्हतीच. डॉक्टरने कागदावरच्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मामा, एकदा... खोडलेलं म्हणून बघू?"

मामांनी डोकं खाजवलं. "मला फाडून खातील. बोल."

ओठ बघितल्याशिवाय वाक्य बसत नाही, हे हिला का ठाऊक नव्हतं? तरी हिने फुलवालीकडेच बघितलं.

"मला तू हवी आहेस... आयुष्यभर."

"जुळलं!" मामा ओरडले. "च्यायला, न बघता जुळलं! सांगतो चॅनेलला, दुसरं काही बसतच नाही म्हणून. झालं काम, पोरींनो."

फुलवालीने आपला हेडफोन काढला, मग हिचाही अलगद काढला.

"मालिकेतल्या फुलवालीला उत्तरच नाही दिलेलं. नुसती हसते."

"मग... तुम्ही?"

"मला नाही बाई नुसतं हसून भागत. चल चहाला," फुलवाली म्हणाली. "आणि ते अहो-जाहो सोड. आयुष्यभर नाही जमायचं मला ते."