दोन रेडी

बसा. लाइट गेलीय आणि जनरेटरवाला कुठेतरी गप्पा ठोकत बसला असणार. हा बॅटरीचा दिवा असू दे मध्ये. बाहेर भर दुपार आहे, पण असल्या हॉलांना खिडक्या कुठे असतात? दार ओढलं की आत अमावास्या.

आणि त्याच्यावर रागावू नका. तो दारापाशी केबल गुंडाळत बसलाय ना, तो माझा धाकटा भाऊ. आत्ता तुम्ही त्याला विचारलंत, ही केबल बाल्कनीपर्यंत पुरेल का म्हणून, आणि त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. तुमचा चेहरा पडला, मी पाहिलं. माजोरडा नाहीये हो तो. बहिराही नाही.

मलाही तुम्ही विचारलंत, की आमचे कॅमेरे एक, तीन आणि चार कसे, दोन कुठे गेला. आजपासून आमच्याबरोबर काम करणार आहात, तेव्हा तुम्हाला कळायलाच हवं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. फक्त आवाज जरा खाली ठेवा.

आमची पद्धत सांगते आधी. कार्यक्रम कुणाचाही असो, आम्ही हॉलमध्ये कॅमेरे लावतो आणि घरबसल्या लोकांना तो थेट दाखवतो. मी बाजूच्या खोलीत स्विचरवर. समोर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं, ज्याचं बटण दाबीन ते जगाला दिसतं. कॅमेरेवाले माझ्याशी हेडफोनवर बोलतात. नावं घ्यायची नाहीत, नंबर घ्यायचे. चित्र जमलं की त्याने म्हणायचं, "दोन रेडी," मी म्हणायचं, "घेतला," आणि दाबायचं. इतकी वर्षं हेच केलंय, की कानात 'रेडी' पडलं की बोट आधी पोचतं, डोकं नंतर.

आणि कोपऱ्यात एक छोटा मॉनिटर असतो. त्याला आम्ही रिटर्न म्हणतो. घरी लोकांना जे दिसतंय ते त्याच्यावर दिसतं, पण अर्धा मिनिट उशिरा, कारण चित्र गावभर फिरून येतं. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी सांगते, रिटर्नकडे बघून काम करायचं नाही, तो शिळा असतो. आमची आई घरी बसून आमचा एकूण एक कार्यक्रम बघते. मी फोन करून म्हणायची, "संपलं गं बाई एकदाचं," तर ती म्हणायची, "कुठे संपलंय, ती मुलगी अजून नाचतेय की!" धाकटा म्हणायचा, आईला विनोद सांगितला तरी ती अर्ध्या मिनिटाने हसते, तिचंही चित्र फिरून येतं. काय हसायचो आम्ही!

त्या दिवशी एका नाचाच्या शाळेचा कार्यक्रम होता. असाच हॉल, अशीच दुपार. ओल्या गालिच्याचा कुबट वास, आणि दिवे तापले की त्यांच्यावरच्या धुळीचा करपट वास. मागे लोखंडी नळ्या आणि फळ्यांचं एक उंच मचाण होतं, हॉलच्या मालकाचंच. धाकटा दोन नंबरचा कॅमेरा घेऊन त्यावर चढला तेव्हा ते कुरकुरलं. मी म्हटलं, "अरे, दोरी बांध कुठेतरी." तर म्हणतो, "ताई, हत्ती चढवलास तरी काही होत नाही." तोंडाचा मोठा फटकळ होता. म्हणजे... आहे.

नाच सुरू झाला. एक नंबर चालू होता आणि सहज माझी नजर रिटर्नवर गेली. तिथे त्या मुलीची पावलं दिसत होती, अगदी जवळून. ते चित्र तीन नंबरचं. मी तीन नंबर अजून घेतलाच नव्हता.

मला वाटलं, घेतला असेन, विसरले असेन. तेवढ्यात कानात आलं, "तीन रेडी." मी घेतला. तीच पावलं, तेच वळण.

शिळं अन्न शिजायच्या आधीच ताटात? मी मुद्दाम मध्येच एकवर गेले, काही कारण नसताना, रिटर्नला फसवायला म्हणून. रिटर्नवर एक नंबर आधीच येऊन गेला होता, मी पाहिला होता.

मग रिटर्नवर दोन नंबर आला. अख्खं स्टेज, मधोमध ती मुलगी, डोक्यावर थोडी जागा सोडलेली. धाकटा तशीच सोडतो. चित्र जरासं हललं. मग तिरकं झालं. मग छत दिसलं, दिव्यांच्या रेघा ओढल्यासारख्या झाल्या, आणि काळं... नुसतं काळं.

"दोन, खाली ये."

"आत्ता? नाच चाललाय, ताई!"

"खाली ये म्हणते ना! कॅमेरा राहू दे, हेडफोन तिथेच ठेव. माझ्याकडे ये."

"अगं पण झालंय काय?"

"आईचा फोन आलाय," मी म्हटलं. थाप होती, पण एरवी तो हातातलं काम सोडून आला नसता.

तो आला. दार ढकलून आत आला, धापा टाकत. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. थंडगार होतं. पाण्याची बाटली तोंडाला लावून तो भिंतीला टेकला. मला रडूच आलं हो. माझा भाऊ जमिनीवर उभा होता, मचाण पडो नाहीतर जळो. आणि मनात पक्कं केलं, दोन नंबर आज घ्यायचाच नाही. मी बटणच दाबलं नाही, तर रिटर्नवर दिसलं ते होईल कसं?

एक, तीन, एक, तीन. असं चाललं होतं. आणि मग मला दिसलं की दोन नंबरचं चित्र हलतंय.

मचाणावर कोणी नव्हतं. तरी कॅमेरा त्या मुलीच्या मागे चालला होता, सावकाश, मायेने. ती डावीकडे गेली की डावीकडे. मग थांबला, जरा मागे सरला, अख्खं स्टेज घेतलं, डोक्यावर थोडी जागा सोडली.

कानात कुणीतरी श्वास घेतला.

"दोन रेडी..."

मी वळून पाहिलं. धाकटा पाणी पीत होता. घशाची घाटी वरखाली होत होती. ओठ बाटलीला.

"दोन रेडी, ताई."

"घेतला," माझं तोंड म्हणालं. बोट आधीच पोचलं होतं.

फळी मोडल्याचा आवाज मी दोनदा ऐकला, एकदा हेडफोनमधून आणि एकदा भिंतीपलीकडून. छत, रेघा, काळं. मग किंकाळ्या. कुणाला लागलं नाही, मागच्या रांगा रिकाम्या होत्या. नळ्या उचलल्या तर खाली कॅमेऱ्याचा चुरा होता, आणि धाकट्याचा हेडफोन. मी उचलला. कानाचा स्पंज घामाने ओला होता, आणि गरम.

तोवर घरी आईने ते पाहिलं. फोन आला तो रडतच. "धाकटा कुठंय? दोनवर तोच असतो ना?" मी म्हटलं, "अगं इथे आहे, माझ्यासमोर उभा आहे, घे बोल." फोन त्याच्या कानाला लावला. "बाळा? बोल ना रे!" मला पलीकडून ऐकू येत होतं. तो भिंतीकडे बघत राहिला. म्हटलं, धक्का बसलाय. फोन मी परत घेतला, आईची समजूत काढली, ठेवलासुद्धा. आणि मग तो माझ्या पाठीमागून, कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला, "हो आई, मी ठीक आहे."

तेव्हा नाही कळलं मला काही.

कळलं ते घरी. जेवताना मी काहीतरी बोलले, आम्ही दोघी हसलो, ते हसू विरलं, दुसरा विषय निघाला, आणि मग हा एकटाच खो खो हसला. आई म्हणाली, "माझ्यावर गेलास की रे!" ती चेष्टेनेच म्हणाली. त्यानंतर कोणी चेष्टा केली नाही. डॉक्टर झाले, कानाचे झाले, डोक्याचे झाले. सगळे म्हणतात, ठणठणीत आहे.

आणि ते अंतर वाढतंय. आधी अर्धा मिनिट होतं. काल "जेवतोस का" विचारलं, तर आमची ताटं वाढून झाली, माझी पहिली पोळी संपली, तेव्हा म्हणाला, "वाढ." आईने त्याला काही विचारणंच सोडलंय. तिला भीती वाटते, की ती काहीतरी विचारेल आणि उत्तर येईल तेव्हा ऐकायला ती नसेल. मला नाही का वाटत? मलाही वाटते. पण मी विचारत राहते, निदान त्याचं एखादं उत्तर वाटेवर असू दे.

हं, आले बघा दिवे. दिपवतात डोळे एकदम.

"पुरेल. थोडी उरेलसुद्धा."

दचकलात? धाकटाच बोलला. तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे ते, केबलचं. बसायच्या आधी विचारलं होतंत, आठवतंय? बघा, मान वर करून तुम्ही मघाशी उभे होतात तिकडे बघतोय.

चला, उठा, कामाला लागू. हेडफोन घाला, तुमचा नंबर चार. हेडफोनच्या त्या डब्यावर दोनचं बटण आहे, ते मात्र चालू करू नका. त्याची वायर मी स्वतः कापून टाकलीय, तरी करू नका. मी एकदा केलं होतं. न राहवून विचारलं, "दोन, कुठे आहेस रे?"

तिथून उत्तर लगेच आलं. "वरच आहे, ताई. खाली येऊ का?"

मी अजून काही बोललेले नाही.