अपत्ये : एक

लग्न जमवताना प्रतिभाला सल्ले द्यायला अख्खी भावकी लोटली होती. मोडायच्या वेळी वकील शोधायला ती एकटीच. १९९८चा मार्च चालू होता. मुलीला घेऊन नाशिक रोडला आईकडे येऊन तिला चार महिने झाले होते. घटस्फोटाचं काय व्हायचं ते होवो, तिला सात वर्षांची यशश्री हवी होती. घोटीत तांदळाचा व्यापार करणाऱ्या नवऱ्यानं सांगूनच टाकलं होतं, "पोरगी माझी हाय. कोर्टात बघू." त्याचा वकील ठरलाही होता.

पहिले वकील कोर्टासमोरच्या गल्लीत बसायचे. माणूस गडबड्या, पण नाव मोठं. त्यांनी टाइप करून दिलेल्या अर्जात होतं, अपत्ये : दोन.

"साहेब, मला एकच मुलगी आहे."

"टायपिस्टनं जुन्या अर्जावरून उचललं असेल. दुरुस्त करू."

दुरुस्त होऊन आला त्यातही दोनच. शिवाय आता नावंही होती. यशश्री, वय सात. श्रेयस, वय चार. प्रतिभा भडकली. इथं पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि यांना एक कागद धड लिहिता येत नाही! ती तडक बाहेर पडली.

दुसऱ्यांचं ऑफिस पंचवटीत, भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर. खिडकीतून कोथिंबिरीचा वास येत होता. हे वकील तिच्यासमोरच, हातानं, सावकाश लिहून घेत होते. तिनं वाकून पाहिलं. यशश्रीच्या खाली श्रेयस.

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

वकिलांनी चष्मा काढला. "तुम्हीच की, ताई. धाकटा झोपेत फार रडतो म्हणालात."

यशश्रीनंतर तिला दिवसच गेले नव्हते. आपण दमलोय, काहीबाही बरळत असू, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण बरळणाऱ्या बाईला पोरीचा ताबा कोण देणार? त्या दिवसापासून तिनं वकिलाची हुशारी बघणं सोडलं. एकच मूल लिहिणारा वकील मिळाला की पुरे.

तशा मालिनीबाई भेटल्या. वयस्क, कमी बोलणाऱ्या.

"मुलं किती?"

"एकच."

त्यांनी एक लिहिलं. टाइप होऊन आलं तेव्हाही एकच होतं. प्रतिभाला रडू फुटलं. बाईंनी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं तिनं सही केली, वकीलपत्रावर, अर्जावर, सगळीकडे. अर्ज दुपारीच दाखल झाला.

रिक्षात बसल्यावर तिनं आपली प्रत उघडली.

अपत्ये : एक. श्रेयस, वय चार.

तिनं भराभरा पानं उलटली. ताबा मागितला होता तो श्रेयसचा. यशश्रीचं नाव कुठंच नव्हतं.

मागे फिरा, असं ती रिक्षावाल्याला सांगणार होती. तोंडातून निघालं, "घरी चला. लवकर."

आईनं दार थोडंसंच उघडलं.

"आई, यशू कुठाय?"

"कोण यशू?" आईनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, बाई. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

आतून बारीक आवाजात हाक आली, "आई..."

"आले रे," प्रतिभा म्हणाली.