वालपुर्गच्या डोक्यावरचा लाल क्रूस

तुम्हाला पटो न पटो, हे आमच्या घरात घडलंय. न्युरेंबर्गमध्ये, १४८७ साली. संत बार्बराच्या सणाला, भर दुपारी.

माझी धाकटी बहीण वालपुर्ग पाच दिवस तापाने फणफणली होती. त्या सकाळी ती उठून बसली. आत्याला तिच्यापाशी बसवून आई चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली.

तिथे आमच्या घराण्याने दिलेलं चित्र आहे. संत बार्बरा, हातात पेला, शेजारी तीन खिडक्यांचा बुरूज. बुरूज दिसला की निरक्षरसुद्धा तिला ओळखतो. तिच्या पायाशी आम्ही सगळे गुडघे टेकून. कोणी वारलं, की चितारी त्याच्या डोक्यावर छोटा लाल क्रूस काढतो.

माझ्या दोन्ही भावांवर होते.

दोनच होते...

आज तीन होते.

तिसरा वालपुर्गवर.

आईने बोट लावलं. रंग ओला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट चितारी एन्ड्रेसच्या दारात.

"जिवंत पोरीवर क्रूस काढलात? कोणी सांगितलं? माझ्या नणंदेने ना?"

"बाई, शुद्धीवर आहात का? आठवडाभर हा हात गळ्यात बांधून बसलोय!"

हात खरंच गळ्यात होता. तरी आईने वाकून त्याची बोटं पाहिली.

स्वच्छ होती.

ती परत गेली. कमरेच्या चाकूने क्रूस खरवडून काढला आणि घरी आली.

वालपुर्ग जिना उतरत होती. पायात लाकडी खडावा.

पण आवाज...

आवाज येत नव्हता. एरवी ही पोर जिन्यावर आली की घर दणाणायचं.

आईने तिला जवळ ओढलं. अंगात ताप नव्हता.

ऊबही नव्हती.

"आई, माझी खूण तू पुसलीस?"

"हो गं राजा. कोणीतरी दुष्टपणा केला होता."

"मग मला कोण ओळखणार? दोघे दादा बुरुजाच्या दारात उभे आहेत. मला म्हणतात, तू कोण?"

आई रडत पुन्हा एन्ड्रेसकडे गेली. या वेळी तिने आवाज चढवला नाही.

"एन्ड्रेसदादा, डाव्या हाताने काढा. पण काढा."

त्याने काढला.

ती घरी परतली. जिन्यावर खडावा वाजल्या... खट्, खट्, खट्... वर जाणाऱ्या. जिना रिकामा होता.

वरून आत्या रडत ओरडली, "कुठे होतीस गं, कुनिगुंड? सकाळी तू चर्चला निघालीस आणि लगेच गेली पोर!"

तो वाकडा क्रूस अजून आहे. पहिला कोणी काढला, ते कळलं नाही. आई मरेपर्यंत आत्यावर संशय घेत राहिली. मला मात्र आत्याचा कधीच संशय आला नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते.

चित्रात वालपुर्गशेजारी गुडघे टेकलेली मोठी मुलगी म्हणजे मी.

चर्चमध्ये गेले, की मी मान वर करत नाही.