बेचाळिसावं गाव

"ताई, हा रस्ता तलावात जातो. गाडीला पवता येतं का?"

मी काच खाली केली. मोटारसायकलवर एक सावळा तरुण, मागं कॅरिअरला दोरीनं बांधलेला गाडीचा टेप, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू...

"हसू नका," मी म्हटलं. "दहाला काल्याचं कीर्तन आहे. महाराज मागं बसलेत."

मागच्या सीटवर माझे बाबा, डोंगरकड्याचे रामकिशन महाराज, डोळे मिटून अभंगाची चाल गुणगुणत होते. त्या पोरानं तिथूनच हात जोडले. "रामकृष्ण हरी! या माझ्या मागं."

गावात पोचायला साडेदहा झाले. टाळकरी गजर करून करून दमले होते. बाबांनी उभं राहता राहताच सगळ्यांची माफी मागितली. दादा पुण्याला नोकरीला गेल्यापासून गाडी मीच चालवत होते, आणि महिन्यात ही तिसरी चूक होती.

परतताना बाबा शांतपणे म्हणाले, "मोहिनी, देवाच्या दारात माणसं ताटकळत ठेवणं बरं न्हाई. घेतलेल्या तारखा करू. पुढच्या न्हाई घ्यायच्या."

पांडुरंगा! कीर्तन सुटलं तर माझ्या बाबांमध्ये बाबा किती उरणार? अन् ते सुटायचं कारण मी?

म्हणून बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला, रस्ता दाखवणाऱ्या त्या पोरानं सांगितलेल्या त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. बाहेर पाटी होती— हनुमान कार टेप.

"नाव हनुमान? म्हणजे लग्नाचा विषयच मिटला," मी म्हटलं.

"नाव मायनं ठेवलं. व्रत मी घेतलं न्हाई," तो पक्कड पुसत म्हणाला.

माझं गाऱ्हाणं त्यानं मन लावून ऐकलं. मग गाडीत वाकून जुन्या टेपवर टिचकी मारली. "तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलात कंपनीचाच नकाशावाला सेट यायचा. नांदेडला एका ठोकलेल्या गाडीतला निघालाय. बाहेरचा घेतला तर डॅशबोर्ड कापावा लागतो. हा बराबर बसतो."

आणि बसला! हनुमान डॅशबोर्डखाली उताणा शिरलेला, पाय दाराबाहेर, अन् मी बॅटरी धरून.

"उजेड वायरीवर धरा, तोंडावर न्हाई."

"तोंड बी बघावं लागतं. खोटं काम करून राहिले का, ते कळतं."

तो लाजला... खरंच लाजला. मग स्क्रीन उजळली आणि एक बाई इंग्रजीत बोलू लागली. मागच्या सीटवरून बाबांनी तिलाही हात जोडले. "बोला माउली!"

पण माउलीला फक्त मोठे रस्ते ठाऊक होते. औंढा दिसलं, हिंगोली दिसली. बाबांच्या कीर्तनाची गावं मात्र कुठंच नव्हती. नुसता पांढरा पडदा. माझा चेहरा उतरला.

"आपण शिकवू तिला," हनुमान म्हणाला. "एकेका गावाला जायचं, मंदिरापुढं गाडी उभी करायची, नाव लिहून ठिपका ठेवायचा. एकदा ठेवला की ती कधी चुकत न्हाई."

अशी आमची तिघांची फिरती सुरू झाली. माघ महिना होता. रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचे ढाळे मिळायचे. बाबा मागं नामस्मरणात, मी गाडीवर, हनुमान शेजारी. मंदिर आलं की ठिपका ठेवायचा, अन् रस्त्यात कुठं फाटा फुटला की तिथंही थांबायचं. का, तर गाडी चालू असताना हा सेट लिहूच देत नाही म्हणे. मग तो एकेक अक्षर दाबायचा, मी सोललेले हिरवे दाणे त्याच्या तळहातावर ठेवायचे... बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही उगाच देवळाच्या कळसाकडं बघायचो.

तिसऱ्या गावापासून त्याचं 'ताई' गळून पडलं. मला ते बरोबर कळलं.

विसाव्या गावाला सेटचं पुस्तक माझ्या हाती लागलं. तिथंच वाचलं, आणि गाव सुटल्यावर मी गाडी कडेला घेतली.

"हँडब्रेकची वायर वेगळी जोडली की शेजारच्याला चालत्या गाडीतही लिहिता येतं. ठाऊक होतं तुमाला?"

"...व्हय."

"मग काहून न्हाई जोडली?"

"गाडी चालू असली की तुमी नुसतं रस्त्याकडं बघता," तो स्क्रीनला सांगितल्यासारखं म्हणाला. "बोलता कुठं..."

मागं बाबांना एकदम खोकला आला.

एकेचाळीस गावं झाली. ती वायर जोडायला त्यानं गाडी एक दिवस ठेवून घेतली आणि परत देताना "झालं काम" एवढंच बोलला. मीही "बरं" म्हटलं. झालं! इतके दिवस कशासाठी फिरलो, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

पुढचं काल्याचं कीर्तन डोंगरातल्या गावी होतं. तीन फाटे, एक ओढा... माउलीनं एकदाही चुकवलं नाही. पोचलो तेव्हा मांडवात अजून सतरंज्या अंथरत होते. बाबा हसले, आणि त्या दिवशी असे रंगले की दहीहंडी फुटली तरी लोक उठेनात. उतरताना त्यांनी आपणहून पुढच्या वर्षीची तारीख दिली.

मी भरल्या डोळ्यांनी गाडीत येऊन बसले. सहज गावांची यादी वर सरकवली. एकेचाळीस... आणि त्याखाली अजून एक.

GHAR.

मी ते दाबलं.

"मोहिनी, हा डोंगरकड्याचा रस्ता न्हाई," बाबा म्हणाले.

"माउली सांगते तसं चालवून राहिले."

जवळा बाजारच्या कडेला, एका अंगणात माउली म्हणाली की पोचलात. शेळ्यांना पाणी दाखवणारी बाई वर बघून ओरडली, "हनुमाना! आरं, महाराज आले!"

तो बाहेर आला. हातात चाऱ्याची पेंडी तशीच.

"सापडलं तुमाला?"

"सापडलं. पण कुणाचं घर, ते लिहिलं न्हाई."

"आज तर माझं अन् मायचं हाय..." तो पेंडीकडं बघत म्हणाला. "तुमी व्हय म्हटलं तर राहू द्या. न्हाई तर पुसून टाका. बटन तुमाला ठाऊक हाय."

"पुसायला गाडी थांबवावी लागते का?"

"आता न्हाई."

"मग मी थांबवली कशाला, तेवढं समजत न्हाई का?"

पेंडी खाली पडली. शेळ्यांची चंगळ झाली.

बाबा कधी उतरले, कळलंच नाही. कीर्तनात मिळालेलं उपरणं त्यांच्या खांद्यावर होतं, नारळ हातात. "बुढा झालो म्हणून काय ऐकू येत न्हाई मला? एकेचाळीस गावं मागंच बसलो होतो." मग ते माझ्याकडं वळले. "लेकरा, आजच्या काल्याचा नारळ हाय. ह्याला दिला तर तो नुसता प्रसाद न्हाई राहणार. तूच सांग, द्यू का?"

मी मान खाली घातली. "द्या, बाबा."

त्याच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, पदराला डोळे पुसत माझ्या कपाळी कुंकू लावलं.

निघताना मी परत तेच बेचाळिसावं गाव दाबलं. मग काय! डोंगरकड्याच्या अख्ख्या रस्त्यानं सेटमधली ती बाई थकेना.

"काय म्हणून राहिली माउली सारखी?" बाबांनी विचारलं.

"मागं फिरा म्हणते."

"सांग तिला," बाबा सुखानं मागं टेकले, "लगीन होऊ दे आधी."