चार सेकंदांत अठरा खाटा

"आजींना थंडी भरली! रक्त बंद केलंय, लवकर या!"

फोन हातातून टाकून रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई तीन जिने धावत चढल्या. दोन नंबरच्या खाटेवरच्या आजी वाचल्या होत्या. पण त्यांना लावलेली पिशवी होती थेट दुसऱ्या टोकाच्या, अठरा नंबरच्या पेशंटची. आजींची पिशवी तिकडे टांगलेली होती. नशीब, अजून जोडली नव्हती.

मेट्रनबाईंनी तोवर निकालही लावला होता. "या पोरीनं मनगटपट्टी तपासलीच नाही. आजच घरी!" बडतर्फीचं पत्र टेबलावर तयार होतं. मागच्या भिंतीवर 'शंभर टक्के तपासणी'ची ढाल चमकत होती. नर्स रडत होती. आजारी आईला तिच्या नोकरीचाच आधार होता.

डॉक्टरीणबाईंना बसवेना. मनगटपट्टी आणि रक्ताची पिशवी स्कॅन करून जुळवायची ही बारकोडची पद्धत त्यांनीच भांडून आणली होती. त्यांनी उभ्याउभ्याच नोंदी उघडल्या. आजी : पट्टी आणि पिशवी जुळली, अकरा वाजून सात मिनिटं दहा सेकंद. अठरा नंबर : जुळली, अकरा वाजून सात मिनिटं चौदा सेकंद.

"यंत्र म्हणतं, तपासलंय."

"यंत्राला काय कळतंय!" मेट्रनबाई फणकारल्या.

डॉक्टरीणबाईंनी आजींच्या मनगटावर स्कॅनर धरला. तीनदा धरला. तो गप्प. पट्टीवरच्या रेघा पाण्यानं फिसकटल्या होत्या.

"आजी, पट्टी कधी भिजली?"

"पहाटे अंग पुसलं तेव्हा. मी सांगितलं होतं हो, पण म्हातारीचं ऐकतंय कोण!"

डॉक्टरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या नर्सकडे वळल्या. "स्कॅन कुठे केलंस?"

नर्सची नजर औषधांच्या कपाटाकडे गेली, मग मेट्रनबाईंकडे.

डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला वॉर्डातल्या सगळ्या पेशंटच्या जादा पट्ट्या ओळीनं चिकटवल्या होत्या.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "आजींची पट्टी पहाटेपासून वाचता येत नाही, तरी नोंद झाली. दोन टोकांच्या खाटा चार सेकंदांत तपासून झाल्या. एवढं कुणी पळत नाही. दोन्ही पिशव्या इथेच, या दारापाशी तपासल्या. यंत्रानं बरोबरच सांगितलं. मग त्या एकाच ट्रेमधून नेल्या आणि टांगताना अदलाबदल झाली. आता या पट्ट्या कुणाच्या पासवर्डनं छापल्यात, तेही यंत्रात आहे. वाचू का, मेट्रनबाई?"

मेट्रनबाई खुर्चीत बसल्या. "एवढ्या खाटा, दोन पोरी. फेऱ्या मारूनमारून पाय मोडायचे त्यांचे. आणि वर शंभर टक्क्यांचा आकडाही हवा होता."

"पण बाई, पिशव्या मीच बदलल्या ना?" नर्सनं हुंदका आवरत विचारलं.

"हो. हात तुझा चुकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस चुकणारच, म्हणून तर ते यंत्र खाटेपाशी न्यायचं."

मग मेट्रनबाईंनी बडतर्फीचं पत्र पुढे ओढलं, नर्सचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.