लाखेखालची गाठ

खाडीच्या पाण्याला तरणतलावाचा वास येत नाही. हे कळायला रंजना महाजनला प्रयोगशाळेची गरज नव्हती. तरी तिने बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि तपासणीची गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. क्लोरीन. म्हणजे बाटलीत खाडी नव्हतीच, शहरातला नळ होता.

सुरतेपलीकडे, मांगरोळच्या बाजूला कोळशाची एक उघडी खाण आहे. तिच्या उताराखालून सावरपाड्याची खाडी वाहते; इकडे ओढ्यालाही खाडीच म्हणतात. त्या पाण्याला म्हशी तोंड लावत नाहीत, काठच्या दगडांवर गंजाचा थर चढलाय, आणि अहवाल मात्र वर्षभर असे गोमटे येत होते, की ते पाणी लग्नाच्या पंगतीत वाढावं. शेवटी जिल्ह्याने रंजनाला चौकशीला नेमलं.

नमुने गोळा करायचा ठेका भूपेंद्रभाईंकडे होता. त्यांचा माणूस हेमराज मोटारसायकलवर खाडीवर जायचा आणि सरपंचासमोर बाटली भरायचा. तोंडावर फडकं, फडक्यावर दोरा, गाठीवर वितळलेली लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. संध्याकाळी बाटली आणि शिक्का दोन्ही भूपेंद्रभाईंच्या सुरतेच्या ऑफिसातल्या कपाटात जात, आणि कपाटाची किल्ली भूपेंद्रभाईंकडे राही. सकाळी बाटली तशीच बंद गांधीनगरला तपासणीसाठी निघे. आज रंजनाने ती वाटेतच ताब्यात घेतली होती.

बाटली उघडण्याआधी सील शाबूत होतं. तिने एकटीने, दार लावून, सुरी तापवून लाख सोडवली. खाली तांदळाच्या कणीएवढी गाठ निघाली, दोन्ही टोकं अगदी आखूड. रंजना हसली. सुरतेतल्या डिंडोलीत, मराठी कामगारांच्या वस्तीत, तिचं बालपण लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात गेलं होतं. तुटलेला धागा मंगलाबाई, म्हणजे तिची आई, अशाच गाठीने जोडायची, कारण जाड गाठ मागाच्या फणीत अडकते. दोरा पाकिटात घालून तिने पर्समध्ये टाकला आणि ऑफिस गाठलं.

भूपेंद्रभाईंची केबिन थंडगार होती आणि अत्तराने कोंदली होती. भिंतभर प्रमाणपत्रं टांगलेली. पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्याला इतकी प्रमाणपत्रं लागतात, तेव्हाच समजावं काय ते. रंजनाने मराठीत सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. ती भाषा आपल्याला नीट येत नाही म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा पायाला शेण लागल्यासारखा झाला.

सील शाबूत आहे पण पाणी बदललंय, एवढंच तिने सांगितलं. भूपेंद्रभाईंनी उसासासुद्धा टाकला नाही.

"हेमराज," ते म्हणाले. "रंजनाबेन, डिंडोली का आदमी है. लूम की गाँठ है, लूमवालाही मारेगा ना? ये लोग ऐसेही होते हैं."

त्यांनी तिथल्या तिथे पोलिसांना फोन लावला. हेमराजला दोन मुली आणि ही एकच नोकरी आहे, असं रंजनाने मुद्दाम म्हणून पाहिलं. भूपेंद्रभाईंनी टेबलावरची धूळ फुंकावी तसा तो विषय उडवला.

हेमराजला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला.

"याआधी कुठे होतास?" रंजनाने विचारलं.

"पांडेसरामा, ताई. डाईंगमा. रंग कालवाले."

"आणि लूमवर?"

"कधीज नही."

"बाटली भरल्यावर वाटेत कुठे थांबलास?"

"कोठेज नही. जशी भरी तशीज हाई कपाटमा ठेवी."

रंजनाने टेबलावरच्या रिळातला थोडा दोरा घेऊन मधोमध तोडला आणि दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवून जोडायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. हेमराजने दोरा दोनदा फिरवला, करकचून ओढला आणि वर आणखी एक गाठ मारली. बोराएवढा गोळा झाला. कापड रंगवायच्या कारखान्यात रंग कालवणारा, गाठोडी बांधणारा माणूस दुसरं काय करणार? तो लूमवर कधी होता का, हे भूपेंद्रभाईंनी विचारलंच नव्हतं. डिंडोलीत राहतो तो लूमवाला, इतकाच त्यांचा अभ्यास.

"आता ऐका," रंजना म्हणाली. "बाटलीत नळाचं पाणी आहे. सावरपाड्याला नळ नाही. म्हणजे बाटली शहरात उघडली. शहरात ती हेमराज आणि तुम्ही, दोघांच्याच हाती असते. हेमराजने उघडली असती, तर लाखेखाली ही अशी बोंगळ गाठ निघाली असती. निघाली ती लूमची. घाईत माणसाचा हात लहानपणी शिकलेलंच करतो. नवी लाख आणि शिक्का तुमच्या कपाटात होतेच."

"कुणीही मारू शकतो तशी गाठ," भूपेंद्रभाई म्हणाले. घाईघाईत मराठीत म्हणाले.

"बरोबर. पण लाख मी दार लावून काढली. दोरा माझ्या पर्समध्ये आहे. मी तुम्हाला पाणी बदललं एवढंच सांगितलं, गाठीचं अवाक्षर काढलं नाही. ती लूमची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

खाणवाल्यांना खूश ठेवायला वर्षभर नळाचं पाणी गांधीनगरला पाठवणारा हा शहाणा माणूस अत्तराच्या घमघमाटात घामाने भिजला होता. रंजनाला त्याची कीवसुद्धा आली नाही. त्याने हेमराजकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आवाज एकदम खाली आणला.

"ताई, मी बी आपलाज मानूस शे. मन्हा बाप डिंडोलीमा लूमवर व्हता. इतलं सांभाळी ल्या."

हेमराजने चमकून साहेबांकडे पाहिलं. नोकरीच्या चार वर्षांत त्याने ही डिंडोलीची बोली त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"येते की तुम्हाला," रंजना म्हणाली. "मग जबाब याच भाषेत द्या."

खाली पोलिसांची जीप येऊन थांबली. ती भूपेंद्रभाईंनीच बोलावली होती. त्यांना पोलिसांच्या हवाली करून रंजनाने हेमराजला रिकामी बाटली घ्यायला सांगितली आणि दोघं नवा नमुना भरायला सावरपाड्याकडे निघाले.