पुतळाबाईचा हुंकार

रिटा, ते दार ओढून घे आणि इकडे सरक. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसतो ना बेसिल, त्याची ही गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकलेली, म्हणून सांगतो. एरवी असल्या गोष्टींवर मी तरी कुठे विश्वास ठेवतो!

त्रेपन्न साल. डिसेंबरातला पहिला शुक्रवार, अमावस्या दोन दिवसांवर आलेली. बेसिल वसईच्या बाजारातून सायकलने वटारला परतत होता. काम काय, तर दर महिन्याला भागाभागाने निघणाऱ्या एका कादंबरीचा शेवटचा भाग आणायचा. एवढ्यासाठी इतकी रपेट, म्हणून आई करवादली होती. पण तिला कुठे माहीत होतं, पोराने त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेला गुडघे टेकून काय मागितलं होतं ते! ‘देवा, त्या कादंबरीतल्या मंजुळेला बुडव.’

त्याचं असं झालं. कळंबहून पुतळाबाई मासळीची पाटी घेऊन वटारला यायची. अक्षरओळख नाही, पण गोष्टीचं भारी वेड. पाटी रिकामी झाली की बेसिलच्या ओट्यावर बसायची आणि तो तिला नवा भाग वाचून दाखवायचा. वाक्य संपलं की ती ‘हूं’ म्हणायची. तिचा ‘हूं’ आल्याशिवाय पुढे वाचायचं नाही, असा दंडकच होता. कादंबरीतली मंजुळा वादळात सापडून उलट्या होडीला धरून राहिलेली. पुतळाबाईची स्वतःची लेक खाडीत बुडालेली. तेव्हा महिनाभर बाईच्या जिवाला घोर.

मे महिन्यात बेसिलचे कॉलेजातले दोस्त आले. ओट्यावर वाचन रंगात आलेलं. एकजण हसून म्हणाला, “काय रे, कोळणींची शाळा काढलीस?”

बेसिलचे कान लाल झाले. त्याने पुस्तक मिटलं.

“बुडाली मंजुळा. संपली गोष्ट. जा आता, बाय.”

पुस्तकात ती बुडाली नव्हती.

पुतळाबाई ‘हूं’ म्हणाली नाही. पाटी उचलली आणि गेली. पावसाळ्यात तापाने अंथरुणाला खिळली. सुनेने दोनदा निरोप धाडला, “ती पोर खरंच बुडली का, सासू विचारते.” बेसिल गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? गणपतीच्या सुमारास म्हातारी गेली. मेनंतर छापखाना बंद पडला होता, म्हणून शेवटचा भाग थेट डिसेंबरात निघाला. आता शेवटच्या भागात मंजुळा बुडाली असती, तर बेसिलचं खोटं खरं झालं असतं. तेवढीच त्याला आशा.

निर्मळ गाव मागे पडलं, तोवर अंधार दाटला. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या. घरी पोचेपर्यंत त्याला धीर निघेना. वाटेतल्या विहिरीपाशी सायकल लावली, तिच्या रॉकेलच्या दिव्याजवळ उकिडवा बसला आणि सवयीने मोठ्यानेच वाचू लागला.

“मंजुळेचा पाय वाळूला लागला.”

“हूं.”

आवाज केळींतून आला. वाटलं, राखणदार असेल.

“कोण आहे?”

केळीचं पानही हललं नाही.

तो उठला. सायकल ढकलली. चाक फिरेना.

पुन्हा बसला. पुढचं वाचलं.

“हूं.”

जवळून. मासळीचा वास आला.

आणखी वाचलं.

“हूं.”

पाठीशी.

थांबला, तर ती शांतता सोसवेना... वाचत राहिला. मंजुळा उठली. चालत आली. आईच्या कुशीत शिरली. पुस्तक संपलं.

आता ‘हूं’ आला नाही.

मग कानाशी... अगदी हळू...

“मंग तू कशाला मारली रं तिला, पोरा?”

बेसिलची मान वर होईना. भीतीपेक्षा लाजच जास्त होती, असं तो मला म्हणाला.

“दोस्तांसमोर... मला तुझी लाज वाटली, बाय. चुकलो मी.”

त्याने वाट पाहिली.

दिवा विझला. तरी वाट पाहिली...

काही नाही.

उजाडताना बापाने त्याला विहिरीवरून घरी आणलं. पुस्तक मुठीत घट्ट होतं. ते मी या हातांनी उघडलंय. वाक्य संपतं तिथे तिथे मासळीचा एकेक खवला चिकटलेला. पाच वर्षं झाली, अजून ओले आहेत. शेवटच्या वाक्यापुढे मात्र एकही नाही.